बुधवारी आणि शुक्रवारी रूपेश येत नाही

माणूस केंद्रस्थानी ठेवणे हीच खरी सेवा होय. हे वाक्य आमच्या संस्थेच्या दारावर संगमरवरात कोरलेलं आहे. दाराच्या आत केंद्रस्थानी पणत्या आहेत. सगळ्यांनी त्या रंगवायच्या.

नवीन पनवेलच्या या दिव्यांग केंद्रात मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. म्हणजे माणसाला त्याची रोजची कामं जमावीत म्हणून हातांना सराव देणारी. 'पर्सनलाइज्ड सपोर्ट' सुरू करा, असं देणगीदार म्हणाले. म्हणजे ज्याला जे हवं, त्याप्रमाणे मदत. आमच्या संचालकांनी, म्हणजे सरांनी, लगेच प्रत्येकाला पणतीचा रंग निवडायची मुभा दिली.

मी रूपेशला विचारलं, तुला काय हवंय? रूपेश सव्वीस वर्षांचा. जन्मापासून हातपाय ताठर, व्हीलचेअरवर, बोलणं सावकाश. संस्थेत त्याला 'मुलगा' म्हणतात. इथं सगळी मुलंच असतात. एक मूल तर पन्नाशीला आलंय.

"आयसोबत बाजारात बसायचंय," तो म्हणाला. "पणतीचा भाव कोन करतो, मॅडम?"

त्याची आई मासळी विकते. तिनं मला चांगलंच सुनावलं. "तो बसला की गिऱ्हाईक हलत नाय. आन तुमी बुधवारी, शुक्रवारीच त्याला गाडीत घालून नेता. तवाच तर आमचा धंदा हाय. जमत नसल तर नाव काढा त्याचं."

नाव काढलं की थेरपी बंद. थेरपी बंद की बोटं आखडणार, मग बाजारात बसूनही हातात नोट धरता येणार नाही.

उपाय सोपा होता. सोमवार, गुरुवार, शनिवार अर्धं पनवेल मासे खात नाही. तेव्हा रूपेश मोकळाच. मी सरांकडे गेले.

"आता संस्था मासळीच्या वारांवर चालवायची?"

"सर, तुमचं स्वयंपाकघर चालतंच ना?"

"एकाला दिलं की सगळे मागतील, मॅडम."

"मागू देत. त्यालाच पर्सनलाइज्ड म्हणतात."

"सिस्टिम असते काही!"

सिस्टिम म्हणजे व्हॅनचा ड्रायव्हर आणि माझं टाइमटेबल. ड्रायव्हर एका फोनवर तयार झाला होता.

"मग देणगीदारांना कळवते, सरांना जमत नाही म्हणून."

सरांना जमलं.

आता थेरपीत रूपेशसमोर तराजू असतो. बाजारात तो आईपेक्षा महाग विकतो, अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे.

पुढे या 'मॉडेल'बद्दल सरांना पुरस्कार मिळाला. समारंभ त्यांनी शुक्रवारी ठेवला. रूपेश अर्थातच आला नाही. मग व्हीलचेअरवरच्या दुसऱ्या एकाला स्टेजवर नेऊन, रूपेश म्हणून त्याच्या गळ्यात हार घातला. टाळ्या भरपूर पडल्या.

त्याचं नाव दिनेश आहे.