फुली नसलेला पत्रा

टेपदादांनी छताचं माप घेतलं की दुकानदार उलट विचारत नसे. किती पत्रे, किती हूक, कडेला किती पट्टी, सगळं ते एका चिठोऱ्यावर लिहून देत. काम संपल्यावर एखादा पत्रा उरलाच तर चार दिवस स्वतःवरच चिडून असत. घरच्यांनी त्या दिवसांत त्यांच्या वाऱ्याला उभं राहू नये.

काम दोघा भावांचं. थोरला मापणारा, धाकटा बसवणारा. जुनं सिमेंटच्या पत्र्यांचं छत काढायचं असलं की दादांनी आधी वर जायचं, पत्र्यापत्र्यावर पाय दाबून बघायचा आणि कच्च्या पत्र्यावर खडूने फुली मारायची. फुली नाही म्हणजे दादाने तिथे पाय दिलाय. धाकटा डोळे झाकून चालायचा.

पुढे दादांना चक्कर यायला लागली. शिडीची चौथी पायरी आली की जमीन गरगरायची. हे त्यांनी बायकोलाही कळू दिलं नाही. सांगून करणार काय? मापाला दुसरा कोणी आला असता आणि हे घरात बसून भिंती मोजत राहिले असते. मग त्यांनी खालूनच मापायला सुरुवात केली. जमिनीची लांबी-रुंदी घ्यायची, उताराचं वाढवायचं, आतून पत्रे मोजायचे. आकडे बरोबर यायचे, म्हणून मनही गप्प बसायचं.

कापसाच्या गोदामाच्या जुन्या छताचं माप त्यांनी असंच घेतलं.

"दादा, वर कसं आहे?" धाकट्याने शिडी लावताना विचारलं. मालक शेजारीच उभा होता.

"ठीक आहे. चढ तू."

तिसऱ्या पत्र्यातून तो आरपार खाली आला. खाली फरशी होती. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं ते गेलंच.

नवे पत्रे दुसऱ्यांनी बसवले. एक कमी पडला नाही, एक उरला नाही. मालकाने हे मुद्दाम कळवलं. त्या दिवशी दादा ताटावरून उठले.

"आदल्या दिवशी पाऊस झाला होता, फुल्या धुऊन गेल्या असतील," भावजय येईल त्याला सांगायची. दादा महिनाभर मान डोलवत राहिले. रोज दुपारी येऊन भावाची कूस बदलायचे, पाठ पुसायचे आणि तोंडापर्यंत आलेलं गिळून घरी जायचे. शेवटी एका दुपारी, भावजय आत असताना, त्यांच्याने राहवेना.

"मी वर गेलोच नव्हतो रे."

धाकटा छताकडे बघत होता. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"वर शेवाळ होतं. त्यावर तुझं पाऊल कुठेच नव्हतं."

"मग पुढे गेलास कशाला? उतरायचं होतंस."

"मालक खालून बघत होता. त्याच्यासमोर तुला विचारलं असतं, तर उद्या तुला कोणी दारात उभं केलं असतं का? म्हटलं, जपून पाय टाकू."

तेवढ्यात भावजय चहा घेऊन आली. भावोजींचा चेहरा बघून तिला वाटलं, त्याच दिवसाचं बोलणं चाललंय.

"त्या मेल्या पावसाने घात केला," ती म्हणाली.

"हो," धाकटा म्हणाला, "फार पडला होता."