जुळ्यांची शाळा

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत मूर्ख कोण हे शोधायचा त्रास घेऊ नका. तो तुमच्यासमोर बसून चहा पितो आहे.

लोक पैसे खाऊन शाळा बुडवतात, भांडून बुडवतात, झोपून बुडवतात. मी एक शाळा हुशारीने बुडवली. तीही मास्तरला मदत करायला गेलो म्हणून! आता बोला.

लढाईचे दिवस होते. मी साताऱ्याला जिल्ह्याच्या स्कूल बोर्डात कारकून. स्कूल बोर्ड म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, सविस्तर सांगितलं तर तुम्ही उठून जाल. पैसा सरकार देई, त्यात शेतसाऱ्याबरोबर गोळा केलेली लोकल फंडाची पट्टी पडे. हुकूम बोर्ड सोडी. शाळा मास्तर चालवी. आणि एवढ्या सगळ्यांनी मिळून जे काही केलं, त्यात नापास फक्त मुलं होत. बोर्डाचे सभासद निवडून आलेले. त्यांतल्या काहींनी शाळा आतून पाहिली होती ती मतदानाच्या दिवशी.

चेअरमन होते आबासाहेब. वाळव्याकडचे, कृष्णाकाठचे, ऊसवाले. माणूस दिलदार. स्वतःच्या गावाच्या बाबतीत तर फारच दिलदार. गावात एक शाळा होती, पण त्यांना वरच्या आळीला दुसरी हवी होती. इमारतही तयार होती. तूर्त तीत त्यांच्या गुळाच्या ढेपा शिकत होत्या. पण सरकार म्हणे, नव्या शाळेला पैसा नाही, आहे त्यात भागवा. म्हणजे जिल्ह्यात कुठली तरी एक शाळा मिटेल तेव्हा आबासाहेबांची उघडेल. ते बिचारे अगदी सभ्यपणे वाट बघत होते.

शाळा मिटायची कशी? त्याचीही सोय होती. दर हिवाळ्यात आमचे साहेब, म्हणजे बोर्डाचे अधिकारी, तपासणीच्या दौऱ्यावर निघत. त्या दिवशी शाळेत जितकी पोरं डोळ्यांना दिसतील तितकी खरी. कमी दिसली की शाळेवर गदा. पटावर कितीही नावं असू देत.

आमचे हेडक्लार्क त्या साली निवृत्त झाले आणि दौरा आखायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांचे जुने दौरे काढून बघितले आणि मला हसू आवरेना. विट्याच्या पुढे, कोरड्या मुलखात, पांढरखडी आणि हिवरझरी अशी दोन गावं. मध्ये एक डोंगर, बस्स! आणि म्हातारा काय करायचा? साहेबांना सोमवारी पांढरखडीला न्यायचा, तिथून मागे फिरवून तासगावाकडे हिंडवायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच वाटेने हिवरझरीला आणायचा! दरसाल! तेही पेट्रोल रेशनवर असताना!

माझ्यातला सुशिक्षित माणूस खवळला. मी दोन्ही गावं एकाच दिवशी घातली. सकाळी पांढरखडी, दुपारी हिवरझरी.

साहेबांनी कागद पाहिला. मग मला पाहिलं.

"एकाच दिवशी, देशपांडे?"

"हो साहेब. पेट्रोल वाचेल."

"वाचेल खरं," म्हणाले, आणि एक सुस्कारा सोडून सही केली. वरिष्ठाच्या सुस्काऱ्याचा अर्थ ज्याला कळतो त्याने खुशाल सरकारी नोकरी करावी. मला तो मेंगळटपणा वाटला.

ठरल्या दिवशी सकाळी पांढरखडी गाठली. शाळा मारुतीच्या देवळात, पोरांनी गच्च भरलेली. साहेबांची तपासायची एक पद्धत होती: मान खाली, लेखणी कागदावर, प्रश्न जमिनीला विचारायचा. त्यांनी विचारलं, "जिल्ह्यातल्या नद्या?"

एक पोरगी ताडकन उभी राहिली. हौसा तिचं नाव. सगळ्या शाळेत मुलगी अशी ती एकटीच. कडेवर धाकटा भाऊ, त्याच्या नाकातून आणखी एक नदी वाहतेय. हौसाने कृष्णेपासून माणगंगेपर्यंत नद्या अशा धडाधड सोडल्या की मला वाटलं देवळात पूर येतो. मी खूश. साहेबांनी मान वर न करता "ठीक" लिहिलं. मग पाटलाकडे जेवण झालं आणि आम्ही निघालो.

मोटारीची वाट डोंगराला लांबलचक वळसा घालून जात होती. वाटेत इंजिन तापलं. आम्ही सावलीला थांबलो असताना मला डोंगराच्या माथ्यावर, पायवाटेने, धुळीचा एक लोट पळताना दिसला.

"मेंढरं दिसतात, साहेब," मी म्हटलं.

"असतील," साहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

हिवरझरी हे धनगरांचं गाव. तिथली शाळाही पोरांनी गच्च भरलेली! पण एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. ऐन थंडीत पोरं घामाने निथळत होती आणि एकजात धापा टाकत होती. तिथले गणपत मास्तर तर सगळ्यांत जास्त. माझ्या मनात आलं, साहेबांची काय ही दहशत!

दाराशी एक म्हातारा धनगर घोंगडी पांघरून दोन नातवंडांना पुढ्यात घेऊन बसला होता. त्याला सगळे बिरूतात्या म्हणत. शाळेत धापा न टाकणारी अशी ती दोनच पोरं.

साहेबांनी मान खाली घातली. "जिल्ह्यातल्या नद्या?"

कोणी बोलेना. बोलणार कशाने? छातीत श्वास नाही! मास्तरचा चेहरा पांढराफटक. साहेबांची लेखणी कागदावर टेकून थांबलेली. आता काय तो शेरा पडणार! मला त्या मास्तरची दया आली हो. खरंच आली. मी आजूबाजूला पाहिलं, आणि तिसऱ्या रांगेत मला एक ओळखीचा चेहरा दिसला. कडेवर पोर.

मी आनंदाने ओरडलो, "अगं, तू सांग की! सकाळी तर धडाधड म्हणालीस!"

शाळेत असं काही सामसूम झालं की बाहेरच्या शेळीचं रवंथ ऐकू यायला लागलं.

हौसा उठली. "सकाळी म्या म्हनले न्हवं? आता दुसऱ्या कुनाला तरी इचारा की!"

गणपत मास्तर मध्ये पडले. "साहेब, ही ती नव्हे. ही तिची जुळी बहीण. ती एक तिकडं असते, मावशीकडं."

इथे तरी मी गप्प बसावं की नाही? पण मला खरोखरच नवल वाटलं होतं! मी विचारलं, "आणि कडेवरचं पोर?"

मास्तरांनी घाम पुसला. "ते... तेही जुळंच, साहेब."

"आवं काय बी काय सांगता मास्तर!" हौसा भडकली. "ह्यो आमचा बाळू हाय! डोंगुरभर कडंवर घिऊन पळालीया मी!"

पोरं खदाखदा हसली आणि साहेबांनी सबंध नोकरीत बहुधा पहिल्यांदाच तपासणी चालू असताना मान वर केली.

मग काय! दाराशी बिरूतात्या उठून उभा राहिला.

"आवं साहेब, आमची पोरं मेंढरामागं गेल्याती. दिवाळी झाली की समदं गाव मेंढरं घिऊन खाली कृष्णंकडं जातंय. ही दोन नातवंडं तेवढी साळंपायी माघारी ठिवल्याती, आन त्यांच्यापायी मी. पावसाळ्यात येऊन बगा की. साळंत पाय ठेवाय जागा न्हाई!"

"पावसाळ्यात इकडे मोटार येत नाही, तात्या," साहेब म्हणाले.

"मग मोटारीलाच घाला साळंत," तात्या म्हणाला.

परतीच्या वाटेवर साहेबांनी मोटारीची काच वर केली. मग म्हणाले, "देशपांडे, तुमची नजर फार चांगली आहे हो."

मी म्हटलं, "धन्यवाद, साहेब." खरंच म्हटलं!

"तुम्हाला काय वाटलं, मी मान खाली घालतो ती कशासाठी? ती पोरं मी दरसाल बघतो. पांढरखडीच्या पोरांनी तपासणीपुरतं हिवरझरीला बसायचं, म्हणजे धनगरांच्या पोरांना पावसाळ्यात शाळा मिळते. तुमचे हेडक्लार्क मध्ये एक आठवडा ठेवायचे, तो पोरांना सावकाश डोंगर चढता यावा म्हणून. आणि आधी पाहिलेले चेहरे विसरले असं मला म्हणता यावं म्हणून." पुढे म्हणाले, "मी न पाहिलेलं लिहावं लागत नाही. भर शाळेत, दहा जणांच्या देखत, तुम्ही ओरडून दाखवलेलं मला लिहावंच लागतं."

आणि त्यांनी ते लिहिलं.

बोर्डाची सभा भरली. आबासाहेबांचा चेहरा लग्नघरासारखा. मला साक्षीला बोलावलं होतं. म्हटलं, आता तरी सावरू या.

मी उभा राहिलो. "त्या गावाची मुलं पावसाळ्यात शाळेत असतात. तेव्हा शाळा भरलेली असते."

"तुमी बगितलीया व्हय पावसाळ्यात?" आबासाहेबांनी विचारलं.

"नाही."

"साहेबांनी?"

"नाही."

"आन हिवाळ्यात रिकामी बगितली?"

"हो, पण..."

"मग कशाचं पण, देशपांडे? डोळ्यांनी बगितलेलं खरं का न बगितलेलं? शिकलेली मानसं तुमी!"

त्या कोरड्या भागातून निवडून आलेले एक सभासद होते. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते घसा खाकरून म्हणाले, "माजं काय म्हननं न्हाई. फकस्त आमच्याकडच्या रस्त्याचं तेवढं बगा."

ठराव एकमताने पास झाला. शाळा बंद केली असं कुठेही लिहिलं नाही हं! 'हलवली' असं लिहिलं. हिवरझरीची शाळा, फळा, घंटा आणि गणपत मास्तर यांच्यासह, आबासाहेबांच्या वरच्या आळीला हलवली. मुलं तेवढी राहिली. ती हलवायची तरतूद नव्हती.

आणि दक्षतेबद्दल माझ्या नावे चांगला शेरा पडला. तुम्ही हसाल, पण त्या साली आमच्या जिल्ह्याची हजेरी सुधारली. कमी हजेरीची शाळाच राहिली नाही, मग सुधारेल नाही तर काय? सरकारने बोर्डाची पाठ थोपटली.

पावसाळ्यात बिरूतात्या साताऱ्याला कचेरीत आला. ओली घोंगडी, चिखलाने भरलेल्या वहाणा. पट्टेवाला आत सोडीना, तर दारातूनच मला हाक मारली, "ओ रावसाहेब! पोरं आल्याती. साळा कवा उगडायची?"

मी त्याला ठराव समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतला.

"म्हंजी साळा हाय, पर दुसरीकडं हाय."

"हो."

"आन पोरं हायती, पर हितं हायती."

"हो, तात्या."

"बरं," म्हणाला. "मला वाटलं माजंच डोस्कं फिरलंया." आणि गेला.

पुढचा हिवाळा आला. साहेबांनी मला दौऱ्यावर मुद्दाम बरोबर घेतलं. आबासाहेबांची नवी शाळा तपासायची होती. आता एक लक्षात घ्या, त्या गावाला मुळात एकच शाळा पुरत होती. दुसरीला पोरं कुठून येणार? मोटारीत बसल्या बसल्या मी मनातून सुखावलो होतो. म्हटलं, आता बघू आबासाहेबांची गंमत! डोळ्यांनी बघितलेलं खरं ना? बघू!

आम्ही गेलो तर शाळा गच्च भरलेली.

भिंतीला टेकवलेल्या ढेपा, गुळाचा वास, आणि मांडीला मांडी लावून बसलेली पोरं. अंगावर घोंगड्या. केसांत लोकर. हिवाळ्यात सगळ्या धनगरांचे कळप नदीकाठच्या रानात खतासाठी बसवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आबासाहेबांच्या रानात त्या साली कुणाचे बसले होते, ते वेगळं सांगायला हवं का? त्यांनी तपासणीच्या दिवशी मेंढरांबरोबर पोरंही मागून घेतली होती.

हिवरझरीची सगळी पोरं हिवरझरीच्या शाळेत, हिवरझरीच्या फळ्यासमोर, गणपत मास्तरांच्या पुढे बसली होती. एका दिवसापुरती. पहिल्या रांगेत बिरूतात्याची ती दोन नातवंडं. ज्या शाळेपायी त्यांना घरी ठेवायचं ती शाळाच उरली नाही, तेव्हा तीही मेंढरांमागे आली होती, आणि त्यांच्याबरोबर म्हातारा. तो दाराशी बसला होता, मागच्यासारखाच.

साहेबांनी मान खाली घातली. "जिल्ह्यातल्या नद्या?"

कोणी बोलेना. सबंध पावसाळा पोरांना शाळा नव्हती. नद्या कुठून येणार?

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. गणपत मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. नातवंडांनी तर ओळख पटून हसूनच पाहिलं. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "काय देशपांडे, यांतलं कुणी ओळखीचं आहे?"

काय काय बोलायचं होतं मला! पण बोललो तर ही शाळाही मिटणार, आणि या पोरांचा हा एक दिवसही जाणार. मी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला.

"नाही, साहेब. लांबचं हल्ली नीट दिसत नाही."

साहेबांनी "ठीक" लिहिलं.

बाहेर मोटारीत बसताना बिरूतात्या जवळ आला. वाकून माझ्याकडे निरखून पाहिलं.

"आज लय ग्वाड गप बसलासा, रावसाहेब."

मी मान खाली घातली.

"चला," तो म्हणाला, "आमच्या साळंत येक जन तरी शिकला."