शिंकणाऱ्यांनी घरी राहावे

परदेशात डॉक्टरी शिकून नाशिकला परतले, तेव्हा वाटलं होतं, आता मोठमोठ्या साथींशी लढायचं. अंबडच्या एका कारखान्यातल्या दवाखान्यात रुजू झाले आणि लढाई जुंपली ती सर्दीशी! शिवाय सर्दीचे किस्सेही सर्दीसारखेच. एकाने एक सांगितला की लगेच खोलीभर पसरतात.

मी प्रत्येकाला बजावायचे, "शिंका यायच्या आधीच सर्दी पसरू लागते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जास्त. पुढे कमी होते, पण नाक वाहतंय तोवर जपा." सगळे माना डोलवायचे.

*

आमचे सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, ही सर्दी नाही, धुळीची ॲलर्जी आहे."

आठवड्याभरात त्यांच्या अख्ख्या लाइनला ॲलर्जी झाली!

*

वेल्डर संतोषला म्हटलं, घरी राहा.

"राहिलो ना मॅडम! पण आजारी हाय म्हटल्यावर सगळी गल्ली बघायला आली."

"मग?"

"मग काय, सगळ्यांना चहा पाजला. माझ्या हातचा!"

*

शेवटी शिंकणाऱ्यांना मास्क वाटले, वर पेनाने नावं घातली. सकाळी पाहते तर रमेशचा मास्क गणेशच्या तोंडावर!

"शिफ्ट बदलली ना मॅडम. हेल्मेट, ग्लोव्हज, मास्क... सगळं चार्जमध्ये घेतलं."

*

कॅन्टीनच्या सुनंदाताई मात्र माझा शब्द पाळायच्या. विंचूरला लेकीला मुलगी झाली आणि त्याच दिवशी ताईंना सर्दी. "तान्ह्या बाळापासून लांब राहा," म्हटलं. ताई तिकडे फिरकल्याच नाहीत. नात फक्त मोबाईलवर बघायच्या.

बारशाच्या आदल्या दिवशी दवाखान्यात आल्या. "आता घेऊ का हो तिला?"

घसा पाहिला, छाती तपासली. नाक कोरडं, खोकला नाही, ताप नाही.

"घ्या ताई. हात धुऊन. फक्त पापी नको."

ताई मटकन खुर्चीत बसल्या आणि डोळे पुसत हसू लागल्या. मलाही केवढं हायसं वाटलं!

"उद्या तुम्ही यायचंच," त्या म्हणाल्या. "पोरीला आत्या नाय. कानात नाव तुम्हीच सांगायचं."

सकाळी नवी साडी नेसले, स्कूटीची किल्ली घेतली आणि दारातच लागोपाठ तीन शिंका आल्या. क्षणभर वाटलं, धूळ असेल. मग किल्ली खुंटीला अडकवली आणि ताईंना फोन केला. "मी येत नाही. शिंका सुरू झाल्यात."

ताई म्हणाल्या, "बरं. फोन बाळाच्या कानाशी धरायला लावते. तिथूनच सांगा नाव."

मी तोंड उघडलं आणि आधी शिंकच आली.

पलीकडून ताई लेकीवर ओरडल्या, "अगं, फोन लांब धर!"