सेंटीमीटरबाईंचा शोध

पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर नोकरीला लागून बाईंना बावीस वर्षं झाली होती. पंप चालू-बंद करायचे, मीटरचे आकडे लिहायचे आणि आवारातल्या एका जुन्या बोअरमधल्या पाण्याची पातळी मोजायची, हे त्यांचं काम. ती बोअर वापरात नव्हती. जमिनीखाली पाणी किती उरलंय ते कळावं एवढ्यासाठी ठेवलेली. झाकण काढायचं, टेप खाली सोडायची, टोक पाण्याला टेकलं की बझर वाजतो, तो आकडा वहीत उतरवायचा. बाकीचे दोघे ऑपरेटर अंदाजपंचे आकडा टाकून मोकळे व्हायचे. बाई सेंटीमीटरसुद्धा सोडायच्या नाहीत. म्हणून त्यांना सगळे सेंटीमीटरबाईच म्हणत.

या काटेकोरपणामुळेच त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. पाणी दिवसातून दोनदा चढायचं, दोनदा उतरायचं. फार नाही, चार-पाच सेंटीमीटर. आणि चढायची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकायची. बाईंनी दोघा सहकाऱ्यांच्या मागे लकडा लावून महिनाभर तिन्ही पाळ्यांत दर तासाला आकडे घ्यायला लावले आणि चौकटीच्या कागदावर आलेख काढला. कागदावर लाटाच लाटा!

त्यांनी तो इंजिनिअर साहेबांपुढे ठेवला.

"टेप ताणली गेली असेल," साहेब म्हणाले.

"नव्या टेपनंही मोजलं, साहेब."

"मग आपले पंप चालतात, त्यानं होत असेल."

"दुरुस्तीला तीन दिवस पंप बंद होते. तेव्हाही हेच."

"बाई, चार सेंटीमीटरसाठी कोणी डोकं पिकवतं का?"

घरी यजमान म्हणाले, "अगं, बोअरला धाप लागली असेल. तिचंही वय झालंय आता."

त्या 'तिचंही'वर बाईंनी नुसतं रोखून पाहिलं आणि सुट्टीच्या दिवशी आलेख पिशवीत घालून सरळ विद्यापीठाचं ग्रंथालय गाठलं. दारावर ओळखपत्र दाखवून एका दिवसाचा पास मिळाला. आत इतकी शांतता की आपल्याच चपलांचा त्यांना संकोच वाटला. संदर्भ विभागात चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधत असलेले एक ग्रंथपाल बसले होते.

"कपाळावर आहे," बाई म्हणाल्या.

"आभारी आहे. आता तुमचं काय हरवलंय ते सांगा."

बाईंनी आलेख उलगडला. ग्रंथपालांनी तो उभा-आडवा पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. "हे तुम्ही इंटरनेटवर शोधलंत?"

"शोधलं ना. 'बोअरचं पाणी दिवसातून दोनदा वर-खाली' असं लिहिलं. पंपांच्या जाहिरातीच आल्या नुसत्या."

"येणारच. संशोधक लोक तुमच्या-माझ्यासारखं बोलत नाहीत, बाई. ते या गोष्टीला काय म्हणतात तो शब्द सापडला की निम्मं काम झालं."

ग्रंथालयानं वर्गणी भरून घेतलेल्या शोधनिबंधांच्या यादीत त्यांनी इंग्रजीत शब्द घातले: विहीर, पाण्याची पातळी, चढउतार. चौदा हजार निबंध आले. बाईंचा चेहरा पडला.

"घाबरू नका. आता चाळायचं," असं म्हणत त्यांनी 'दिवसातून दोनदा' यासाठीचा शास्त्रीय शब्द जोडला. चौदा हजारांचे दोनशे झाले. दोघं सारांश वाचत सुटले. जो तो निबंध समुद्रकाठच्या विहिरींचा. भरती आली की पाणी वर, ओहोटी लागली की खाली.

"अहो, पण आपल्याकडे समुद्र कुठाय? रात्रभर गाडीत बसावं लागतं समुद्र बघायला!"

ग्रंथपालांनी समोरच्या निबंधाचं शेवटचं पान काढलं. म्हणाले, "निबंधात उत्तर नसेल तर त्याच्या शेवटची यादी बघायची. लिहिणाऱ्यानं कुणाकुणाचं वाचलंय ते तिथे असतं."

ती यादी ते बोटानं वाचत खाली गेले आणि एका ओळीवर बोट थांबलं. एक जुना निबंध, शीर्षकात दोन इंग्रजी शब्द: 'अर्थ टाइड्स'.

"म्हणजे?"

"भरती-ओहोटी. पण समुद्राची नाही. जमिनीची!"

बाईंनी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. "जमिनीला भरती येते?"

"चला, बघूया!"

तो निबंध छापलेला अंक संगणकावर नव्हता, तळघरात होता. चाक फिरवून सरकवायची लोखंडी कपाटं होती तिथे. ग्रंथपाल चाक फिरवत होते, बाई खंडांचे आकडे मोठ्यानं वाचत होत्या. खंड निघाला, पान निघालं, आणि पानावर आलेख. दिवसाला दोन उंचवटे, दोन खळगे. बाईंनी आपला कागद शेजारी धरला. जुळी भावंडं शोभली असती!

"सापडलं!" ग्रंथपाल ओरडले. कोपऱ्यातल्या एका वाचकानं त्यांनाच "शूः" केलं.

आता बाई थांबतात कसल्या! चंद्र माथ्यावर येण्याच्या वेळांचं कोष्टक त्यांनी मागून घेतलं आणि आपल्या वहीशी ताडून पाहिलं. आणि मटकन स्टुलावर बसल्या.

"उलटंच आहे हो. चंद्र माथ्यावर असतो तेव्हा आमचं पाणी खाली जातं. समुद्राचं तर वर येतं ना?"

ग्रंथपालांनी चष्मा नाकावर आणला आणि तो परिच्छेद एकेक वाक्य सोपं करत वाचला. चंद्र माथ्यावर असो की पृथ्वीच्या बरोबर पलीकडे, त्याच्या ओढीनं खडक किंचित ताणला जातो, त्यातल्या भेगा सैलावतात, विहिरीतलं पाणी त्यांत ओढलं जातं आणि पातळी उतरते. चंद्र कलला की खडक आवळतो आणि पाणी चढतं.

"म्हणजे उलटं तेच बरोबर!" बाई ताडकन उठल्या. "टेपही बरोबर, वहीही बरोबर!"

घरी जाताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला त्यांनी सांगूनच टाकलं, "ही बस चाललीय ना, ती जमीन दिवसातून दोनदा वर-खाली होते." त्या बाईनं पिशवी जवळ घेतली आणि जरा सरकून बसली.

पण खरी गंमत पुढेच झाली. ग्रंथपालांनी भूगर्भशास्त्र विभागात फोन केला होता. दुसऱ्याच आठवड्यात तिथल्या प्राध्यापिका पंपहाउसवर हजर. वह्या चाळता चाळता त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, "या चढउतारावरून खालच्या खडकात पाणी साठवायची ताकद किती, ते काढता येतं. इतक्या बारकाईनं घेतलेले आकडे आम्हाला कुठे मिळतात!" इंजिनिअर साहेबांनी स्वतः उठून बाईंना खुर्ची दिली.

दीड वर्षानं निबंध छापून आला. शेवटी आभारात बाईंचं नाव होतं, एक अक्षर चुकलेलं. यजमानांनी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि प्रत्येकाला फोन करून चुकलेलं अक्षर दुरुस्त करून सांगितलं.

बाईंना विद्यापीठानं कायमचं वाचक कार्ड दिलं. परवाच त्या संदर्भ विभागात गेल्या, वहीतलं एक पान उघडून ग्रंथपालांपुढे सरकवलं. "या दिवशी दुपारी पाणी दहा मिनिटं नुसतं हिंदकळत होतं. त्याच दिवशी दूरच्या कुठल्याशा देशात भूकंप झाला होता म्हणे. याचा काही संबंध?"

ग्रंथपालांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा, बाई. आधी शब्द शोधू."