दुसऱ्या पत्रिकेचं पुडकं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला तर नाहीच — तिने ऐकून घेतलं असतं आणि बाजू त्याची घेतली असती. मला ते सोसलं नसतं.

तो म्हणजे सदाशिव लेले. विद्यापीठाच्या परीक्षा खात्यात आम्ही दोघे एकाच दिवशी कारकून म्हणून लागलो. काम मी जास्त करायचो — निदान मला तसं वाटायचं — आणि नशीब मात्र त्याचं. त्याला उशीर झाला की नेमके त्याच दिवशी साहेबही उशिरा यायचे. त्याच्या हातून रजिस्टरवर दौत सांडली, तर ते रजिस्टर रद्दच व्हायचं होतं. माझी छत्री ट्राममध्ये हरवली ती हरवलीच. त्याला कुणाची तरी सापडली, मालक शोधून त्याने ती परत केली, तर तो निघाला साहेबांचा मेहुणा. पुढे हेडक्लार्कची जागा रिकामी झाली. ती कुणाला मिळाली, हे सांगायला हवं का?

मॅट्रिकची परीक्षा तेव्हा विद्यापीठच घ्यायचं. एका वर्षी तिच्यासाठी आम्हा दोघांना रत्नागिरीच्या केंद्रावर पाठवलं. रत्नागिरी माझं गाव, म्हणून तो आमच्याकडेच उतरला. मोसमातला पहिला पिकलेला हापूस आईने कापला आणि सगळ्या फोडी त्याच्या पानात वाढल्या. "घे हो, लाजू नको," म्हणाली. दोन दिवसांची ओळख. मी समोर बसून भात कालवत राहिलो.

आगबोटीतून किनाऱ्यावर नेणाऱ्या पडावात उतरताना त्याचा चष्मा समुद्रात पडला होता. मी पाहिलेलं त्याचं हे पहिलंच दुर्दैव. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

गणिताच्या दिवशी पहिली पत्रिका सकाळी होती, दुसरी दुपारी. लाखेने बंद केलेलं पुडकं फोडायचं काम लेलेचं, कारण केंद्राचा प्रमुख तो. पुडकं डोळ्यांजवळ नेऊन त्याने बरंच निरखलं, मग माझ्यापुढे धरलं.

"जरा बघ रे, पहिलीच ना ही?"

दुसरी होती. आकडा चांगला ठसठशीत छापलेला. तुम्हाला वाटेल, घाईत चुकलो असेन — नाही. मी नीट पाहिलं. काय होईल तेही मनात आलं. आणि म्हणालो, "हो, पहिलीच. फोड."

पत्रिका वाटल्या आणि पाच मिनिटांत वर्गात कुजबुज सुरू झाली. केंद्राचं गणित रद्द झालं. सगळ्यांना पुन्हा परीक्षेला यावं लागलं, जयगडकडच्या मुलांना तर होडीने.

चौकशीत लेलेने सांगितलं, चष्मा नव्हता, मी अंदाजाने फोडलं. माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाहीस, असं मी त्याला विचारलं — कशाला विचारलं, कोण जाणे.

"तुझीही नजरचूकच झाली असणार," तो म्हणाला. "दोघांनी कशाला बुडायचं? तुझी आई तुझ्यावर अवलंबून आहे."

त्याची नोकरी गेली. त्याची जागा मला मिळाली. आणि तेव्हा मला काय वाटलं असेल? लाज? ती फार नंतर आली. त्या वेळी मला त्याचा हेवाच वाटला — असं बोलणं त्याला इतकं सहज कसं जमत होतं?

तो बुरोंडीला शाळामास्तर झाला. दर दिवाळीला आईच्या नावे त्याचं पत्र यायचं. ती मला वाचून दाखवायला लावायची. मी वाचायचो, खाली माझ्यासाठी लिहिलेल्या दोन ओळी तेवढ्या गाळून.

गेल्या वर्षी तो वारला. मुलीने कळवलं, आणि लिहिलं की बाबांना त्या एका चुकीची खंत शेवटपर्यंत होती. मी सांत्वनाचं पत्र धाडलं. त्यात लिहिलं — तुझे वडील कामात फार चोख होते, आयुष्यात एकदाच चुकले.

मग पत्र पुन्हा वाचून पाहिलं, आणि तसंच टपालात टाकलं.