वावरातला शहामृग

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी भुसावळला ऑफिसात होते. "दुपारी चहा घेऊन आडवे झाले, ते उठलेच नाहीत," अक्का, माझ्या काकू, शांतपणे म्हणाल्या. धुळ्यात देवपूरला त्यांच्या घरी निघाले, तर बसमध्ये रडू यायच्या आधी मला हसू आलं... शहामृग आठवला.

नाना माझे थोरले काका. धुळ्यात भूगोल शिकवायचे. वडील गावी पांझरेकाठी शेती करतात. एका उन्हाळ्यात आमच्या वावरालगतच्या नाल्याची दरड ढासळली आणि नानांना तिथं नखाएवढा कवचाचा तुकडा मिळाला. जाणकारांना दाखवून ते थेट गावी आले. "शहामृगाच्या अंड्याचं आहे. हजारो वर्षांपूर्वी इथली हवा कोरडी झाली, गवताळ रान पसरलं, तेव्हा हा पक्षी इथं हिंडायचा. माणसं अशा कवचाचे मणी करून गळ्यात घालायची." ऐन दुष्काळातही माणसं मणी घालायची, यावर वडील भाळले. पुढं महिनाभर पारावर भेटेल त्याला सांगत राहिले, "आमना वावरमा शहामृग व्हता." लोक हसायचे, तेही हसायचे.

मग एका वर्षी अवकाळी पावसानं फुटलेला कापूस काळा पडला. "भाऊ, बठ्ठं गयं," सगळंच गेलं, असं वडील नानांना म्हणाले. जमीन दुसऱ्याला कसायला देऊन शहरात वॉचमन व्हायचं त्यांनी ठरवलं होतं. नानांनी समजूत घातली नाही, फक्त बांधावर बसून सांगत राहिले. हवा पालटली तेव्हा एकाच खाण्यावर जगणारे संपले. मिळेल ते खाणारा, नवं हत्यार घडवणारा, पलीकडच्या टोळीला पाणी कुठं आहे ते विचारणारा माणूस टिकला.

वडिलांनी शेजारच्या वावराकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे शेजाऱ्याला विचारू म्हणता?"

ज्याच्याशी चार वर्षं बोलणं नव्हतं, त्या शेजाऱ्याकडे ते दुसऱ्या दिवशी गेले, तुरीचं बियाणं घेऊन आले. पुढच्या हंगामात कापूस, तूर, मूग, ज्वारी असं सगळंच पेरलं. मूग गेला, तूर मात्र अशी आली की शेंगा सोलायला दोन्ही घरं एकत्र बसली, आणि मधोमध नाना, सोलण्यापेक्षा खाण्यातच जास्त. वडील आजही शेतकरीच आहेत.

दिवसकार्य आटोपल्यावर परवा पुन्हा देवपूरला गेले. नानांच्या टेबलावर एक वही होती. रोजची हवा आणि त्या दिवशीचं जेवण, एवढंच ते तीत लिहायचे. "हवा बदलली की ताट बदलतं," म्हणायचे म्हणे. मी शेवटचं पान उघडलं. नानांच्या तिरप्या अक्षराखाली अक्कांचं गोल अक्षर होतं, आदल्याच दिवशीच्या तारखेचं... "ढगाळ. वारा बरा. शेवभाजी केली, तिखट झाली."