एका चालीतली बोटं

तुझा हात लागला की मशीन बंद पडते, असं मला तोंडावर कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी तिथंच दोन शब्द सुनावले असते. माझं तोंड काही कमी नव्हतं. पण साहेब नुसते एवढंच म्हणाले, "अम्मा, सुबह का पहला बटन तुम मत दबाओ. अटेंडर दबाएगा. बाद में तुम बैठो." आणि मी मान हलवून "हौ सर" म्हणाले.

साहेब तेलुगू माणूस, तिकडून वारंगलकडून बदलून आलेले. त्यांच्या मनात काय होतं मला माहीत नाही. माझ्या मनात काय आलं ते मला माहीत आहे. ज्या घरातल्या बायांना गावात विहिरीपासून लांब उभं राहावं लागायचं, त्या घरातली मी. पहिला हात दुसऱ्याचा आणि मग माझा, हे ऐकलं आणि कानापासून मानेपर्यंत सगळं तापलं. राग आला म्हणावं तर तो राग नव्हता. लाज होती. आपण काहीतरी विटाळून ठेवलंय आणि ते सगळ्यांना दिसतंय, असली लाज.

ते ऑफिस आदिलाबादेतलं, खाजगी, कापसाच्या खरेदीचं. दिवसभरात कुठल्या गावचा किती कापूस आला आणि उद्या काय भाव काढायचा, हे संध्याकाळी फोनच्या तारेवरून हैदराबादला जायचं. भाव आधी फुटला तर गंजातले, म्हणजे कापूस बाजारातले, व्यापारी रातोरात गाड्या वळवतील, म्हणून मजकुराला कुलूप लावून पाठवायचा. हे कुलूप लावणारा एक तुकडा आमच्या प्रोग्राममध्ये बसवला होता. हैदराबादचा इंजिनिअर त्याला 'एनक्रिप्शन लायब्ररी' म्हणायचा. लायब्ररी म्हटल्यावर मी पहिल्या दिवशी पुस्तकांचं कपाट शोधत होते! तो हसला नाही, बिचारा. त्यानं नीट सांगितलं की रोज सकाळी मशीन सुरू केली की हा तुकडा आधी स्वतःची तयारी करतो, त्या दिवसाची नवी किल्ली घडवतो, आणि त्यासाठी त्याला माणसाचा हात लागतो. पडद्यावर येतं, बटणं दाबा, मनाला येतील ती दाबा. तुम्ही दाबत जायचं आणि खाली एक पांढरी पट्टी भरत जाते. भरली की झालं.

माझी पट्टी भरत नव्हती.

मी दाबायचे, दाबायचे, पट्टी जागची हलायची नाही. मग पडद्यावर अक्षरं यायची, 'इनिशियलायझेशन फेल्ड'. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा तेच. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं वायर ढिली आहे. दुसऱ्या सकाळी अटेंडरनं, म्हणजे आमच्या ऑफिसच्या म्हाताऱ्या शिपायानं, फडक्यानं कीबोर्ड पुसता पुसता चार बटणं इकडची तिकडची दाबली आणि पट्टी सरसर भरली. त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. "माय वो, हे तर चालू झालं!" तो म्हणाला, आणि आनंदानं माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या मनात काहीच नव्हतं. मला मात्र जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

तिथून पुढं तसंच ठरून गेलं. दुकानदार बोहणीला हात बघून घेतात ना, तसं. अटेंडर सकाळी चपला बाहेर काढून आत जायचा, मशीनपुढं उदबत्ती लावायचा, एका बोटानं ठोकाठोक करायचा. पट्टी भरली की दार उघडून म्हणायचा, "या बाई, बसा." मी चपला काढून आत जायचे, आणि उदबत्तीचा धूर हातानं बाजूला सारून बसायचे.

मी काय काय करून पाहिलं म्हणून सांगू! कीबोर्ड उलटा करून झटकला. कापसाच्या बोळ्यानं एकेक बटण पुसलं. हिशोबाच्या मशीनचा कीबोर्ड आणून लावला. फ्लॉपीवरून सगळा प्रोग्राम नव्यानं उतरवला. हाताला घाम येतो म्हणून पावडर लावली. कुणीतरी म्हणालं अंगातली वीज मशीनला बाधते, काचेला वीज चढते, तर मी मेलीनं बांगड्या काढून ठेवल्या. त्या दिवशी अटेंडर म्हणाला, "बाई, हात काऊन रिकामे? सगळं बरं हाये ना घरी?" मी म्हटलं, फुटल्या. आणि पट्टी काही हलली नाही ती नाहीच.

आणि हे सगळं नेमकं कधी, तर माझी नोकरी पक्की व्हायच्या तोंडावर. कच्च्या नोकरीवर घेतलं होतं मला, टायपिंग बघून. सगळ्या ऑफिसात माझ्यासारखं टायपिंग कुणाचं नव्हतं, साहेबच पाहुण्यांना सांगायचे. पण टायपरायटरं तर केव्हाच मोडीत गेली होती. आता मशीनवर बसेल तीच राहील. साहेबांनी मला बोलावून सरळ विचारलं, "महीने के आखिर में मुझे लिखना है कि ये अम्मा मशीन अकेली सँभालती है. कैसा लिखूँ, तुम ही बोलो?" बा, माझा बाप, आदिलाबादजवळ मावल्याला माझ्याकडे राहायला आला होता. आई गेल्यावर गावात त्याचं कुणी उरलं नव्हतं. माझ्या पगारावर आमची खोली होती आणि दोन जिवांचं पोट होतं.

शेवटी इंजिनिअर आला. साहेबांनी त्याला बाजूला नेऊन आधीच सगळं सांगितलं असणार, कारण तो आला तो माझ्याकडे न बघता कीबोर्डकडे बघत आला. त्यानं स्वतः बटणं दाबली, पट्टी भरली. अटेंडरला दाबायला लावलं, भरली. मग मला म्हणाला, "मॅडम, आप." साहेब मागं उभे. अटेंडर दारात उभा. मी बसले, पाठ ताठ केली, आणि दाबायला लागले. ठक ठक ठक ठक. पट्टी जागेवर.

इंजिनिअर पडद्याकडे बघतच नव्हता. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, "रुको मत," आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिला. मग हसायलाच लागला. "मॅडम, आप तो घड़ी हो!"

त्यानं मग समजावलं. कोणतं बटण दाबलं याला त्या लायब्ररीत फारशी किंमत नव्हती. दोन बटणांच्या मध्ये किती वेळ गेला, ते ती मोजत होती. माणूस कधी लवकर दाबतो, कधी थांबतो, कधी चुकतो. तो घोळ कुणालाच आधी सांगता येत नाही, म्हणून त्यातूनच किल्ली घडायची. आणि मध्ये सारखाच वेळ जात राहिला तर लायब्ररी तो मोजायचीच नाही. चोरालाही ओळखता येईल असली किल्ली काय कामाची! माझ्या बोटांत घोळ नव्हताच. मशीन चांगली होती, लायब्ररी चांगली होती, माझा हातही चांगला होता. "बस, थोड़ा खराब टाइप करो," तो म्हणाला.

सगळ्यांपुढं निर्दोष सुटले म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. साहेब मोकळं हसले. "देखो अम्मा, कुछ भी नहीं था!" पण मग सगळे थांबले, मी खराब टाइप करायची वाट बघत. आणि ते मला येईना! मी थांबून दाबलं, तर थांबणंही सारखंच. भरभर दाबलं, तर भरभर सारखं. पट्टी दाण्याएवढी सरकायची आणि अडायची. अटेंडरला राहवलं नाही, तो दारातून म्हणाला, "बाई, असं, माह्यासारखं," आणि हवेत बोट नाचवून दाखवायला लागला. सगळे हसले. वाईट बुद्धीनं नाही हसले, मला कळतं. पण चांगलं येतं म्हणून ज्या बाईला घेतलं तिला वाईटही येत नाही, याचं हसू सहन होत नाही हो. डोळ्यांत पाणी आलं आणि ते कीबोर्डवर पडू नये म्हणून मी मान वळवली.

घरी आले. बा ओट्यावर बसला होता. त्याला सांगायचं नव्हतं, कारण बोटांची ही चाल त्याचीच होती.

म्हणजे असं की मी जैनथकडच्या आमच्या गावाहून आदिलाबादेत टायपिंग शिकायला यायचे, तेव्हा इन्स्टिट्यूटमध्ये मशीनवर थोडा वेळच मिळायचा. मास्तर आमच्या बोटांवर फडकं टाकायचे आणि टेबलावर पट्टी आपटून चाल धरायचे. घरी कुठली मशीन! बानं लाकडी पाटावर कोळशानं बटणं काढून दिली, मी सांगत गेले तशी. आणि संध्याकाळी शेतातून आला की रिकामा पिठाचा डबा मांडीत घेऊन चाल धरून बसायचा. "बोटं येगयेगळे असू दे माय, चाल एक ठेव." मास्तरांची पट्टी अधूनमधून चुकायची. बाचा डबा कधी चुकला नाही.

तरण्या वयात बा डफडं वाजवायचा. पोळ्याला तोरणाखालून बैल निघायचे ते त्याच्या डफड्यावर. मग आमच्या वस्तीनं बुद्ध धम्म घेतला आणि ठरवलं की आता गावाचं डफडं वाजवायचं नाही. बा त्यानंतर एकच पोळा वाजवायला गेला होता, तो माझ्या डोळ्यांपुढं आहे. त्याचं डफडं असं वाजलं, असं वाजलं, की बैल बुजून तोरण तोडून पळाले. सगळं गाव हसत होतं. पिऊन आला म्हणत होते. गावचा पटेल, म्हणजे पाटील, ओरडला, "हात गेला रे ह्याचा!" मी लहान होते, आईच्या पदरात तोंड घालून घरी पळाले. त्याला कुणी परत बोलावलं नाही. आणि घरात त्याबद्दल कधी कुणी बोललं नाही.

त्या संध्याकाळी मला बोलावंच लागलं. सगळं ऐकून घेतलं त्यानं, किल्लीचं, पट्टीचं, हसण्याचं. मग म्हणाला, "म्हंजे माह्या डब्यानं तुही नोकरी चालली."

"तसं नाही बा."

"मंग कसं?" तो म्हणाला. "बेताल वाजवाले बी शिकाव लागते माय. ते सोपं नाही. मी शिकलो व्हतो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि माझ्या हातातली ताटली तशीच राहिली. बा पिऊन नव्हता. पटेलाच्याच शेतात राबायचं, त्याला तोंडावर नाही कसं म्हणणार! म्हणून ह्या माणसानं, ज्याच्या डफड्यावर पंचक्रोशी नाचायची, त्यानं रानात जाऊन चुकीचं वाजवायचा सराव केला होता. आणि साऱ्या गावादेखत आपला हात गेला असं म्हणवून घेतलं होतं. मीही तेच मानत आले होते. आयुष्यभर.

"कसं केलं होतं?" मी विचारलं. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"हातावर ध्यान ठेवलं का चाल येतेच. मनात भांडन करायचं. पटेलाशी भांडलो मी मनातल्या मनात, समदं बोलून घेतलं जे कधी बोलाले भेटलं नाही. माणूस भांडताना तालात भांडते का? हात मागं मागं आपसूक गेला." त्यानं पिठाचा डबा ओढला, मांडीत घेतला आणि दाखवलं. काय सांगू! इतकं वेडंवाकडं, इतकं ओंगळ वाजत होतं ते, आणि वाजवताना त्याचं तोंड असं झालं होतं की मी म्हटलं, "बस बा, बस. कळलं."

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. अटेंडर उदबत्ती लावत होता, त्याला म्हटलं, भाऊ, आज मी दाबते. साहेबही आले होते, येऊन मागं उभे राहिले. मी बसले आणि मनात सुरू केलं. साहेबांना सुनावलं, पहिला बटन मत दबाओ काय! पटेलाला सुनावलं. विहिरीवरच्या बायांना सुनावलं. बोटं कुठं पडत होती कुणास ठाऊक. ओठही हलत असावेत, कारण मागून अटेंडर फिसकन हसला आणि मग साहेबही हसले. पट्टी भरली. साहेब म्हणाले, "शाबाश अम्मा. अब लिख देता हूँ. रोज सुबह तुम ही शुरू करना."

संध्याकाळी घरी आले तर बा दारातच उभा होता. मशीन चालू झाली का, हे त्यानं विचारलं नाही.

"हासले का तुले?"

"हासले."

"हासू दे," तो म्हणाला. "मलेबी हासले व्हते. पन मंग परत कधी बोलावलं नाही."

मी चपला काढत होते, काढतच राहिले. मला उद्याही बोलावलं होतं, आणि रोज.